सोडा गाळताना कापड आकसलं, आणि एका विणकराचं नाव जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलं

चांगल्या प्रतीचा सुती शर्ट घेताना लेबलवर कधीतरी ‘मर्सराइज्ड कॉटन’ असं लिहिलेलं दिसतं. शिवणाच्या दोऱ्याच्या रिळावरही हा शब्द असतो. बऱ्याच जणांना वाटतं की हे एखाद्या कंपनीचं नाव असावं.

पण हे एका माणसाचं नाव आहे. जॉन मर्सर.

गंमत म्हणजे हेच नाव आज आणखी एका ठिकाणी रोज घेतलं जातं, आणि तिथं कापडाचा संबंधही नसतो. केळीचे खांब, नारळाची सोडणं, उसाची चिपाडं असला शेतातला कचरा घेऊन त्याचे धागे प्लास्टिकमध्ये किंवा रेझिनमध्ये घालायचे आणि त्यापासून पॅनेल, पत्रे, गाड्यांचे आतले भाग बनवायचे, यावर जगभर काम चालू आहे. अशा मिश्र पदार्थाला कंपोझिट म्हणतात. या कामाची पहिली पायरी बहुतेक वेळा एकच असते. धागा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा. या पायरीला म्हणतात मर्सरायझेशन.

ज्याच्या नावानं हे सगळं चालतं, तो माणूस शाळेत गेला नव्हता. आणि ज्या शोधामुळं त्याचं नाव राहिलं, तो शोध त्याच्या हयातीत बाजारात चाललाच नाही.

गोष्ट सुरू होते १७९१ साली. इंग्लंडच्या लँकेशायर भागात ब्लॅकबर्नजवळ ग्रेट हारवूड नावाचं गाव आहे. तिथं २१ फेब्रुवारीला जॉनचा जन्म झाला. वडील हातमागावर विणायचे. हा सगळा पट्टाच कापडावर जगणारा. घरोघरी माग आणि मागाला जोडून घरातली पोरं.

जॉन नऊ वर्षांचा झाला आणि त्याला कामाला लावलं. काम होतं कांड्या भरण्याचं. पुढं तो स्वतः मागावर बसला. वडील लवकर गेले. लिहावाचायला आणि हिशेब करायला त्याला शिकवलं ते जवळच्या ओकेनशॉ इथल्या कापड छपाईच्या कारखान्यातल्या एका नक्षीकारानं. शिक्षण म्हणाल तर एवढंच.

मग १८०७ साल आलं. जॉन सोळा वर्षांचा होता. आईनं दुसरं लग्न केलं होतं आणि घरात लहान सावत्र भाऊ होता. त्या बाळाच्या अंगावर नारिंगी रंगाचं झबलं होतं. जॉनची नजर त्या रंगावर खिळली. हा रंग कापडावर बसतो कसा, हे आपल्याला शिकायचंच, असं त्यानं ठरवलं.

पण शिकवणार कोण? रंगाऱ्यांची कृती म्हणजे त्यांच्या धंद्याचं गुपित. कुणी कुणाला सांगत नसे. जॉन ब्लॅकबर्नला औषधं आणि रंगद्रव्यं विकणाऱ्या दुकानात गेला आणि रंगारी नेतात त्या वस्तू थोड्या थोड्या विकत घेऊन आला. कशात काय घालायचं याचा पत्ता नव्हता. मग यातलं एक त्यात घाल, त्यातलं दुसऱ्यात घाल, चिंधी बुडवून बघ, असं त्यानं सुरू केलं. चुकत चुकत त्याला रंग जमायला लागले आणि एका भागीदारासोबत त्यानं रंगवण्याचा छोटा धंदाही चालवला.

ही सवय त्याला आयुष्यभर राहिली. काही वेगळं दिसलं की टाकून द्यायचं नाही, आधी बघायचं.

१८०९ मध्ये ओकेनशॉच्या फोर्ट बंधूंनी त्याला आपल्या छपाईच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून घेतलं. पण तो काळ नेपोलियनच्या युद्धांचा. युरोपशी व्यापार अडला होता. छापील कापडाची मागणी घटली आणि वर्षभरातच जॉनचं शिकाऊपण संपलं. पोरगा पुन्हा मागावर येऊन बसला.

१८१४ मध्ये त्याचं लग्न ठरलं. लग्नाचा परवाना काढायला तो ब्लॅकबर्नला गेला असताना जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडं त्याला रसायनशास्त्राचं एक छोटं पुस्तक दिसलं, असं सांगतात. लेखक होते जेम्स पार्किन्सन. पुढं ज्यांच्या नावानं पार्किन्सनचा आजार ओळखला जाऊ लागला, तेच हे डॉक्टर. जॉननं ते पुस्तक घेतलं. आतापर्यंत जे तो चुकत माकत करत होता, त्यामागं नियम आहेत हे त्याला या पुस्तकानं दाखवलं.

नियम कळल्यावर फरक पडायला वेळ लागला नाही. त्या काळी सुती कापडावर चांगला नारिंगी रंग छापता येत नव्हता. मर्सरनं अँटिमनी या धातूच्या संयुगापासून तो रंग काढला. झबल्यावरचा रंग बघून भारावलेल्या पोरानं दहा वर्षांत स्वतःचा नारिंगी तयार केला होता.

१८१८ मध्ये फोर्ट बंधूंनी त्याला परत बोलावलं. या वेळी शिकाऊ म्हणून नव्हे, रसायनतज्ज्ञ म्हणून. सात वर्षांनी, १८२५ मध्ये, तो त्याच कारखान्यात भागीदार झाला.

पुढची वीसेक वर्षं त्यानं रंगांवर काम केलं. मँगनीजपासून कापडावर पक्का तपकिरी रंग बसवण्याची रीत त्यानं काढली. त्याचे बरेच शोध त्यानं पेटंट न घेता इतरांना सांगून टाकले. १८४१ च्या सुमारास लायन प्लेफेअर नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ जवळच्या क्लिदरो इथल्या छपाई कारखान्यात आला. विद्यापीठात शिकलेला प्लेफेअर आणि मागावरून उठून आलेला मर्सर यांची घट्ट मैत्री झाली. आसपासचे रसायनाची आवड असणारे लोक एकत्र भेटायचे, प्रयोगांवर बोलायचे. पुढं प्लेफेअर इंग्लंडच्या सार्वजनिक जीवनात मोठा माणूस झाला.

आता येऊ १८४४ कडं.

मर्सरच्या डोक्यात एक प्रश्न होता. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळतो तेव्हा त्याची पाण्याशी काही ठरावीक प्रमाणात जोडी जमते का? जमत असेल तर गाळून त्या जोड्या वेगळ्या करता येतील का? त्यानं उत्तम धुतलेल्या सुती कापडाच्या घड्या एकावर एक घालून गाळणी केली आणि तीतून सोड्याचं कडक द्रावण गाळायला ठेवलं.

द्रावण फार हळू गळत होतं. जे खाली आलं, ते मर्सरनं मोजून पाहिलं. द्रावण किती कडक आहे हे मोजायला तेव्हा इंग्लंडमध्ये ट्वॅडल नावाचं माप वापरत. ओतताना द्रावण ६० अंश होतं, खाली उतरलं ते ५३ अंश. म्हणजे काहीतरी वाटेत राहिलं होतं.

त्यानं गाळणी उघडली. कापड ओळखू येईना. लांबीला आणि रुंदीला आकसलेलं, जाड झालेलं आणि थोडं आरपार दिसणारं. सोडा कापडानं खाल्ला होता.

दुसरा कुणी असता तर गाळणी वाया गेली म्हणून फेकून दिली असती. मर्सरनं मूळ प्रश्न बाजूला ठेवला आणि कापडाकडं बघत बसला.

मात्र तेव्हा त्याला फार वेळ देता आला नाही, कारखाना होता. १८४८ मध्ये कारखान्यातली भागीदारी संपली आणि हात मोकळे झाले. मग तो पुन्हा या आकसलेल्या कापडाकडं वळला. सोड्यासोबत त्यानं गंधकाचं आम्ल आणि झिंक क्लोराइडही वापरून पाहिलं. सोडा धुऊन काढल्यावर उरलेलं कापड आधीपेक्षा बळकट होतं. रंगाच्या भांड्यात टाकलं तर तोच रंग जास्त गडद बसत होता.

१८५० मध्ये त्यानं पेटंट घेतलं. त्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. पेटंट फक्त कापसापुरतं नव्हतं. कापूस आणि इतर तंतुमय पदार्थ, असं त्यात म्हटलं होतं. केळीच्या खांबाचा विचार मर्सरनं केला असण्याचं कारण नाही. पण हा गुण एकट्या कापसाचा नाही, हे त्याला कळलं होतं.

१८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात त्याचं कापड मांडलं गेलं. १८५२ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. कांड्या भरणारा पोरगा देशातल्या सर्वोच्च विज्ञान संस्थेत पोचला. एका फ्रेंच गटानं पेटंटसाठी ४० हजार पौंड देऊ केले आणि मर्सरनं ते नाकारले, असंही सांगितलं जातं.

एवढं सगळं झालं, पण कारखानदार काही पुढं येईनात.

कारण सरळ होतं. धंद्याचा हिशेब. सोड्यात घातलं की कापड पाचव्या हिश्शापासून पाव हिश्शापर्यंत आकसायचं. शंभर वार कापड आत घातलं आणि पंच्याहत्तर-ऐंशी वार बाहेर आलं, तर ते कोण करेल? वर सोडाही महाग. कापड विकलं जातं मापावर, बळकटीवर नाही. त्यात १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरला कापूसच मिळेना. गिरण्या बंद पडल्या, विणकरांची उपासमार झाली. याच काळात आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईतले व्यापारी रातोरात गब्बर झाले. एक वारही वाया घालवण्याची कुणाची तयारी नसताना कापड मुद्दाम आकसवून घेणारा गिऱ्हाईक मर्सरला कुठून मिळणार?

१८६४ मध्ये मर्सर थंड पाण्याच्या टाकीत पडला. त्या आजारातून तो पुरता उठलाच नाही. ३० नोव्हेंबर १८६६ रोजी तो गेला. तेव्हा त्याच्या नावाचं कापड बाजारात जवळपास नव्हतंच.

त्याच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी होरेस लोव नावाच्या ब्रिटिश रसायनतज्ज्ञानं एक साधी गोष्ट केली. सोड्यात असताना कापड ताणून धरलं. ताणल्यामुळं ते आकसू शकलं नाही, आणि त्याला रेशमासारखी चकाकी आली. पण लोवच्या शोधाकडंही कुणी नीट पाहिलं नाही आणि त्याचं पेटंट रद्द झालं. १८९५ च्या सुमारास जर्मनीतल्या क्रेफेल्ड इथं थॉमस आणि प्रेव्हो यांनी हेच तंत्र घेऊन धंदा उभा केला. मग मात्र मर्सराइज्ड कापड जगभर गेलं.

आता प्रश्न असा की सोडा धाग्याला नेमकं करतो काय? मर्सरला ते सांगणं शक्य नव्हतं. सेल्युलोज म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या असतात, हे शास्त्रज्ञांनी मान्य केलं ते १९२० च्या दशकात.

कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. त्यात सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या असतात. कडक सोडा आत शिरला की साखळ्या एकमेकींपासून सुटतात, तंतू फुगतो, चपटी फीत गोल काडीसारखी होते आणि लांबीला आखडते. सोडा धुतला की साखळ्या परत जवळ येतात, पण आधीच्या रचनेत नाही, नव्या रचनेत. या नव्या रचनेत रंगाला शिरायला जागा जास्त मिळते.

आता कापूस सोडून केळीच्या खांबाकडं येऊ.

कापसात ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं. नारळाच्या काथ्यात ते निम्म्याहून कमी असतं. बाकी काय असतं? लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन, पाणी धरून ठेवणारं हेमिसेल्युलोज, पेक्टिन आणि वरून मेणाचा थर. वनस्पतीसाठी हे सगळं गरजेचं. पण हाच धागा रेझिनमध्ये घातला की अडचण सुरू होते. मेणामुळं रेझिन धाग्याला धरत नाही. धाग्याला पाणी प्रिय आणि प्लास्टिकला पाण्याचं वावडं. दोघांमध्ये फट राहते. पॅनेलवर भार आला की तो धाग्यापर्यंत पोचत नाही, धागा नुसता निसटून येतो. पावसाळ्यात त्या फटीतून ओल शिरते, धागा फुगतो, उन्हाळ्यात वाळून आकसतो आणि पॅनेलला बारीक चिरा पडतात.

म्हणून धागा आधी सोड्यात भिजवतात. साधारण ५ टक्क्यांच्या आसपासचं द्रावण, काही तास. मग पाण्यानं धुवायचं, उरलेला सोडा मारायला सौम्य ॲसेटिक आम्ल, पुन्हा पाणी, आणि वाळवण. मेण जातं, हेमिसेल्युलोज आणि थोडं लिग्निन जातं. धाग्याच्या जुड्या सुटून बारीक होतात. पृष्ठभाग खरखरीत होतो आणि रेझिनला पकड मिळते. भिंतीला गिलावा करण्याआधी तिला टाचे मारतात, तसलाच हा प्रकार.

नेमकं सांगायचं तर हे मर्सरचं काम जसंच्या तसं नाही. मर्सरचा सोडा जवळपास २५ ते ३० टक्क्यांचा होता आणि त्यानं सेल्युलोजची रचनाच बदलत असे. ५ टक्क्यांचा सोडा मुख्यतः साफसफाई करतो. तरी संशोधक दोन्हींना सर्रास मर्सरायझेशनच म्हणतात.

यात प्रमाण चुकलं तर घात होतो. सोडा कमी पडला तर मेण राहतं. जास्त झाला किंवा वेळ लांबला तर धागाच कमजोर होतो. काथ्याला चालतं ते केळीला चालेलच असं नाही. त्यामुळं प्रत्येक धाग्यासाठी किती टक्के आणि किती वेळ, हे प्रयोग करूनच ठरवावं लागतं. काही ठिकाणी सोड्यानंतर सिलेनसारख्या रसायनाचा हात देतात, कारण सोड्यानं धागा साफ होतो, पण त्याची पाण्याची ओढ पूर्ण जात नाही.

हे सगळं आपल्यासाठी का महत्त्वाचं? कारण कच्चा माल आपल्या बांधावर पडलेला आहे. केळीचं झाड एकदाच घड देतं. घड उतरला की खांब कापून टाकावा लागतो. जळगावच्या शेतकऱ्याला विचारा, हे खांब शेताबाहेर काढायलाच मजुरी जाते. कोकणात सोडणांचे ढीग पडतात. विदर्भात कापूस वेचून झाला की उरते पऱ्हाटी, आणि ती बऱ्याचदा जाळली जाते. मुंबईत माटुंग्याला असलेल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं, म्हणजे सिरकॉटनं, याच पऱ्हाटीचा भुगा करून पार्टिकल बोर्ड बनवण्याचं तंत्र विकसित केलं आहे. परदेशात जवस, ताग, केनाफ यांच्या धाग्यांचे कंपोझिट मोटारींच्या दारांच्या आतल्या बाजूला कित्येक वर्षांपासून वापरात आहेत.

मग आपल्याकडं प्रत्येक केळीच्या बागेशेजारी असा कारखाना का नाही?

इथं मर्सरचीच गोष्ट पुन्हा समोर येते. त्याला दोन गोष्टी नडल्या होत्या. घट आणि सोड्याचा खर्च. आजही त्याच नडतात. सोड्यातून काढलेला धागा वजनानं कमी भरतो, कारण मेण, हेमिसेल्युलोज पाण्यात जातं. धागा किलोवर विकणाऱ्याला ही घट परवडत नाही. आणि मागं उरतं तपकिरी, खारट, अंगाला झोंबणारं पाणी. ते तसंच ओढ्यात सोडलं तर कचरा वाचवताना पाणी घालवल्यासारखं होईल. ते पाणी शुद्ध करण्याचा, सोडा परत वापरण्याचा खर्च धरला की हिशेब बदलतो.

मर्सरच्या बाबतीत गाठ सुटली ती कुणीतरी कापड ताणून धरलं तेव्हा. रसायन तेच होतं. फक्त घट कशी थांबवायची हे सापडायला चाळीसेक वर्षं लागली आणि तेवढ्यात मर्सर गेला होता. शेतातल्या धाग्यासाठी असा उपाय कोणता, यावरच आज प्रयोगशाळांत काम चालू आहे. कमी पाण्यात, कमी सोड्यात, किंवा सोड्याशिवाय वाफेनं आणि एन्झाइमनं धागा कसा साफ करता येईल, हे तपासलं जातंय.

ग्रेट हारवूडच्या चौकात १९०३ साली मर्सरच्या स्मरणार्थ घड्याळाचा मनोरा उभारला गेला. तोपर्यंत त्याच्या नावाचं कापड सगळीकडं विकलं जाऊ लागलं होतं. ते बघायला तो नव्हता.

पुढच्या वेळी शर्टाच्या लेबलवर मर्सराइज्ड हा शब्द दिसला तर एवढं आठवा. खराब झालेली गाळणी एकानं फेकली नाही, म्हणून तो शब्द तिथं आहे. आणि शेताच्या कडेला पडलेल्या केळीच्या खांबाचं काय करायचं, हे ठरवतानाही आधी त्याच माणसाचं नाव घ्यावं लागतं.